डिस्क आमच्या हिस्स्याची

आमच्या घरची वाटणी पाच पंचांनी एका दुपारी उरकली. गोंदियापासून सायकलीच्या अंतरावरचं आमचं गाव. बाबा थोरले, काका धाकटे. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं, म्हणजे वाटे पाडणाऱ्याला लबाडी करायला जागा राहत नाही. धानाच्या शेताच्या बांध्या, बैल, भांडी, पंखे, सगळं रीतसर झालं. चूक झाली ती कॉम्प्युटरपाशी. तो एका वाट्यात गेला आणि ज्या लोखंडी आलमारीत त्याच्या डिस्क ठेवलेल्या होत्या, ती दुसऱ्या वाट्यात.

मी तेव्हा सातवीत होते. न राहवून म्हटलं, की डिस्क आत घातल्याशिवाय गेम सुरूच होत नाही, दोन्ही एकाच वाट्यात ठेवा. पंचांमधले सगळ्यात म्हातारे माझ्याकडे वळले.

"पोरी, तू कायले मधात बोलून राहिली? बैलाची घुंगरमाळ बी आलमारीतच हाय. मंग बैल चालत नाही का?"

सगळे हसले. पंचांचा शब्द पडला तो पडला. काकांनी कॉम्प्युटरचा वाटा उचलला आणि महिन्याभरात ते गोंदियाला लागूनच असलेल्या फुलचूरला प्लॉटवर राहायला गेले. दोन्ही भावांचं बोलणं त्यानंतर बंद झालं. कशावरून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनाही येईल असं वाटत नाही.

काकांचा मुलगा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. आम्हाला एकाच दिवशी शाळेत घातलं होतं आणि भांडणंही आम्ही एकत्रच शिकलो. गेम गाड्यांच्या शर्यतीचा होता. पडदा मधोमध कापला जायचा, वरच्या अर्ध्यात त्याची गाडी, खालच्या अर्ध्यात माझी. एकाच कीबोर्डवर दोघं. हरायला लागला की तो कोपरानं माझी बोटं ढकलायचा. आता त्याच्याकडे कॉम्प्युटर होता आणि माझ्याकडे डिस्क, आणि दोघांच्याही वस्तू बिनकामाच्या होत्या.

तीन-चार महिन्यांनी त्यानं शाळेत निरोप दिला, "रविवारी डिस्क घेऊन ये नं." मी आईला विचारलं. आईनं तांदूळ निवडता निवडताच सांगितलं.

"जाय. पण तिथं ठेवून येजो नोको. आपल्या हिस्स्याची हाय ते."

फुलचूरला काकूचंही तसंच. दारात मला पाहून ती लगेच म्हणाली, "आणली का वं डिस्क?" माझी चौकशी नाही, डिस्कची. पण आणली म्हटल्यावर बसायला पाट मिळाला आणि नंतर चहाही. त्या घरात जायला मला दुसरं काही निमित्त नव्हतं. डिस्क होती म्हणून मी जाऊ शकत होते, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी तिला जिवापाड जपलं. ओरखडे पडले की टूथपेस्ट लावून पुसायची, धुऊन सावलीत वाळवायची, डबीत घालून दप्तरात ठेवायची. भीती एकच होती, डिस्क गेली तर भाऊ जाईल.

असे रविवार चार-पाच वर्षं चालले. आम्ही बारावीत पोचलो. गोंदियात मुलं इंटरनेटवरून गेम उतरवून घेऊ लागली होती. रात्रभर डाऊनलोड लावून ठेवायचं, सकाळी गेम तयार, डिस्कची कटकट नाही. हे कानावर आलं की मी दप्तरात हात घालून डबी चाचपून पाहायची. काकांकडेही इंटरनेट आलं होतं. पण तो दर रविवारी माझ्या हातून डबी घ्यायचा, पाठमोरा होऊन डिस्क आत सरकवायचा आणि गेम सुरू व्हायचा. मी विषय काढला नाही.

त्या वर्षी लोंब्या भरू लागल्या तशी धानावर पोपटांची धाड आली. एका रविवारी फुलचूरहून परतताना आमच्या धानाच्या बांधीजवळ थांबले. बाबांनी काठ्यांना दोरे ताणून जुन्या डिस्क लटकवल्या होत्या. उन्हात त्या चमकत होत्या आणि पोपट खरंच लांब बसले होते. एका डिस्कवर गाडीचं चित्र होतं.

"बाबा, हे कधी बांधली?"

"झाले दहा दिवस. खेळाची होती, ते बांधली. कामाची तुह्या डबीत ठेवली जपून."

मी सायकल तिथंच आडवी टाकली आणि डबी उघडली. आत टायपिंग शिकवणारी डिस्क होती. म्हणजे आज आणि मागच्या रविवारी मी हीच नेली होती. दोन्ही रविवारी त्यानं ती डबीतून काढली, पाहिली असणारच, आत सरकवली. दोन्ही रविवारी गेम चालला. मी हरलेसुद्धा.

मला आधी राग आला. इतकी वर्षं जपलेल्या वस्तूची त्याला गरजच नव्हती, कधीपासून नव्हती कोण जाणे. मग तिथंच बांधावर बसून रडले. बाबांना वाटलं, डिस्कसाठी. ते ती दोऱ्यावरून सोडवायला उठले.

"राहू द्या," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी डबी घेऊन फुलचूरला गेले, आत तीच टायपिंगची डिस्क. काकूनं दारातून नेहमीसारखं विचारलं, "आणली का वं डिस्क?"

मी तोंड उघडण्याआधी आतून त्याचा आवाज आला, "आणली आहे तिनं."