स्टँडवर बायकांनी धरलेलं कडं

लग्न होऊन कराडला आले तेव्हा आमचे मालक फौजेत होते. घरात आम्ही तिघंच, सासू, सासरे आणि मी. सासरेही फौजेतूनच निवृत्त झालेले. होमगार्डमध्ये बायकांना घेतात ही बातमी त्यांनीच आणली. "जा की पोरी, घरात बसून काय करतीस?" एवढंच म्हणाले. सासूबाईंना मात्र ते मुळीच पटलं नाही. खाकी साडी, कमरेला पट्टा, पायात बूट, आणि त्या वेशात सून भर बाजारातून चालणार! मी त्यांना आत्याबाई म्हणायची. परेडच्या दिवशी आत्याबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत.

मला परेड पहिल्या दिवसापासून आवडली. माझं माहेर कवठे महांकाळकडचं. रान घरापासून लांब, त्यामुळं बांधावरून हाका मारायची सवय. बाईमाणसाला एवढा मोठा आवाज शोभत नाही, हे लहानपणापासून ऐकत आलेले. मैदानावर त्याच आवाजापायी मला तुकडीच्या पुढं उभं केलं.

काम तसं साधं होतं. बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहायचं. गाडी लागली की दारात रेटारेटी व्हायची, आणि त्या गर्दीत बायकांच्या गळ्यातल्या डोरल्यांवर चोरांचा हात पडायचा. आमच्या ठाण्यात तेव्हा बाई पोलीस नव्हती. एखाद्या बाईची झडती घ्यायची तर आम्हालाच बोलावत. हळूहळू हमाल, कंडक्टर, फळवाले सगळे मला ओळखायला लागले. स्टँडच्या कोपऱ्यावर बांगड्या भरणारी चाची तर मी दिसले की बसायला पोतं पुढं करायची.

त्या वर्षी ऊसतोडणीच्या दिवसांत पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी आवई उठली. गावात कुणाचंच पोर हरवलेलं नव्हतं, पण प्रत्येकाच्या पाहुण्याच्या गावातलं एखादं हरवलेलं होतं. चौकीतले हवालदार येईल त्याला सांगायचे, "आवं, एक तरी तक्रार आलीया का?" लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन पोरांना कोंडून ठेवायचे. आत्याबाई शेजारच्या पोरांनाही अंगणात एकटं खेळू देईनात.

अशाच एका बाजारच्या दिवशी ऐन दुपारी पाण्याच्या टाकीकडून ओरडा आला. "धरा! पोरं पळवणारी हाय! सोडू नगा!"

मी धावले. माणसांचा गराडा पडला होता. शिट्टी फुंकली, कुणी वळूनही बघेना. मग कोपरं मारत आत घुसले. मधोमध एक काळीसावळी म्हातारी जमिनीवर बसली होती. लुगडं फाटकं, केस सुटलेले. तिच्या कुशीत चारेक वर्षांचं गोरंपान पोर, अंगात करकरीत नवा शर्ट, आणि ते घसा फुटेस्तोवर रडत होतं. एका पैलवान गड्यानं म्हातारीचा दंड धरला होता.

"हात काढ," मी म्हणाले.

"वयनी, तुमी मधी पडू नगा," तो म्हणाला. "नाव इचारलं तर कायतरी भलतंच बोलतीया. आन् पोरगं बगा की! हिचं वाटतंय का?"

"वयनी घरी. हितं मी ड्युटीवर हाय. हात काढ."

त्यानं हात काढला. पण मागून रेटा वाढतच होता. एक चप्पल माझ्या खांद्याला लागून खाली पडली. मी म्हातारीच्या पुढं पाय रोवून उभी राहिले. तिथून हलायचं नाही एवढं मनाशी पक्कं होतं.

आणि तेवढ्यात पहिल्या रांगेत मला आमच्या आत्याबाई दिसल्या. काखेत भाजीची पाटी, आणि तोंडानं ओरडत होत्या, "सोडू नगंस गं तिला! लेकरू घिऊन पळंल ती!"

घरात मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. पण आता त्याचा विचार करायला वेळ नव्हता.

"आत्याबाई!" बांधावरून हाक मारावी तशी मी ओरडले. सगळा गराडा एकदम गप झाला. "पाटी खाली ठेवा आन् हिकडं या."

"मी?"

"व्हय, तुमी. पोराला तुमच्याजवळ घ्या. बगू, तुमच्या हातनं ही कशी पळवून नेती."

चारचौघांत मागं हटणं त्यांना जमलं नसतं. त्या आल्या, खाली बसल्या, पोराकडं हात पसरले. पोरानं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि म्हातारीच्या गळ्याला अशी मिठी मारली की तिला श्वास घेता येईना. आत्याबाईंनी हात आवरले. जरा वेळ दोघांकडं बघत राहिल्या. मग उठल्या आणि त्या पैलवानाकडं वळल्या.

"परक्याच्या गळ्यात पोर असं शिरतंय व्हय रं?"

आत्याबाईंनी बांगड्यावाल्या चाचीचा हात धरला. चाचीनं शेजारच्या बाईचा धरला. बघता बघता म्हातारीभोवती बायकांचं कडं तयार झालं, आणि बाप्ये आपसूक मागं सरकले.

मग कुठं मला म्हातारीचं बोलणं ऐकू आलं. ती कानडी बोलत होती. माहेरच्या बाजाराला जतच्या पलीकडच्या बायका यायच्या, त्यामुळं चार शब्द माझ्या कानावरचे होते. मी म्हणाले, "अंजब्याड, अव्वा." भिऊ नको, आई. तिनं माझ्या साडीचा घोळ घट्ट धरला आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "मोम्मगा, मोम्मगा."

"नातू हाय तिचा!" मी लोकांकडं वळून ओरडले.

ते कडं न मोडता आम्ही तिला चौकीत नेलं. हवालदारांनी आधी तिला पाणी दिलं, मग एका कानडी येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला शोधून आणलं. त्यानं सगळं समजून सांगितलं. तिचा मुलगा आणि सून कारखान्यावर ऊसतोडीला आले होते. नातू आईसाठी झुरायला लागला म्हणून ती त्याला घेऊन निघाली होती. शर्ट बापानंच पाठवला होता. गाडीतून उतरल्यावर कारखान्याची वाट कुणाला विचारावी तेच तिला कळेना, आणि गोळ्यांच्या गाड्यापासून ओढलं म्हणून पोर रडायला लागलं होतं.

निरोप गेला तसा बाप कारखान्याच्या ट्रॅक्टरवरून आला. त्याला बघताच पोर असं धावलं, की पुढं कुणी काही विचारायचं उरलं नाही. पैलवान चौकीच्या दारात खाली मान घालून उभा होता. हवालदार म्हणाले, "गड्या, म्हातारीचं गठुडं उचल आन् ट्रॅक्टरपातूर पोच कर." त्यानं ते निमूट उचललं. म्हातारीला ट्रॅक्टरवर चढवताना तो म्हणाला, "चुकलं आज्जी." तिला ते शब्द कळले नसावेत. तिनं त्याच्या खांद्याचा आधार मात्र घेतला.

आवई काही एका दिवसात मेली नाही. हवालदारांनी टांग्यावर कर्णा लावून गावभर सांगितलं, तरी लोक कुजबुजत राहिले. पण आमच्या स्टँडवर पुन्हा कुणा परक्या बाईवर हात पडला नाही. कुणाचा संशय आला की बायकाच तिला मधे बसवून घ्यायच्या आणि मला हाक मारायच्या.

त्या संध्याकाळी आत्याबाई सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमची सून आज मला सगळ्यांदेखत वराडली."

"मग तुमी काय केलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय करनार? गेले मी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.