दाखल्यावरची दोन वर्षं

आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला दोन वर्षांना फसवलं. माझा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, तान्ह्या पोळ्याचा. गुरुजींनी दाखल्यावर पहिला जुलै लिहिला, तोही दोन वर्षं आधीचा. आमच्या अर्ध्या वर्गाचा वाढदिवस पहिल्या जुलैलाच यायचा, म्हणून तारखेचं मला कधी काही वाटलं नाही. पण ती दोन वर्षं मला एकदा नाही, दोनदा नडली.

आर्णीत माझं साड्यांचं दुकान आहे. सुरुवातीला डोक्यावर गाठोडं घेऊन गावोगाव फिरायची. सोयाबीन सोंगणाऱ्या बायांना शेताच्या धुऱ्यावर बसवून साड्या दाखवायची. आज गाळा माझ्या नावावर आहे. भावात मला कोणी हरवलेलं नाही आणि माझा राग अख्ख्या बाजाराला माहीत आहे.

माझी धाकटी बहीण यवतमाळजवळ लोहाऱ्याला राहते. तिचा नवरा तिथल्याच एमआयडीसीत कामाला आहे. पहिल्या बाळंतपणात तिचं बाळ गेलं. रक्त थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली. त्यानंतरही दिवाळीच्या गर्दीत ती माझ्या मदतीला दुकानात यायची, पण कडेवर लेकरू घेतलेली बाई पायरी चढली की ही "माल काढून आणते" म्हणून मागच्या खोलीत जायची. मी पाहायची आणि गिऱ्हाइकाशी उगाच जास्त भांडायची.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं की बीज तुम्हा दोघांचंच राहील, फक्त वाढवायला दुसऱ्या बाईची पिशवी लागेल. दोघं घरी आले आणि कोणालाच काही बोलले नाहीत. महिनाभराने तिच्या नवऱ्याच्या तोंडून माझ्यासमोर निघून गेलं. मी लगेच म्हटलं, मग मी आहे ना. बहीण पहिलं वाक्य बोलली ते असं, "ताई, अन् दुकान कोन पाहीन?"

"तुहे भाटवे बसतीन. दोन रुपये कमी भावानं विकतीन, अजून काय."

तिचे भाटवे म्हणजे माझा नवरा. तो मोटारपंप दुरुस्त करतो, बोलतो कमी. दुसऱ्या दिवशी एकदाच विचारलं, "तुले काही झालं तं?" तिसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरला निघाले तर तो खिशात आधार कार्ड टाकून दाराशी उभा होता. त्या उभं राहण्याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईंना मी व्यापाऱ्याला विचारावं तसं विचारलं, काय काय लागतं ते एकदाच सांगा. त्यांनी सांगितलं. बाई लग्न झालेली हवी, तिला स्वतःचं मूल हवं, जन्मात हे एकदाच करता येतं. औषधपाणी आणि विमा सोडून तिला एक रुपया घेता येत नाही. भाव न ठरवता केलेला माझ्या आयुष्यातला हा पहिला सौदा. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली आणि शेवटी मन तपासायला एका मॅडमसमोर बसवलं. बाळ द्यायच्या वेळी मन फिरलं तर, असं त्यांनी विचारलं. मी हसून म्हटलं, माझी एक पोरगी आहे, तीच पुरे आहे. त्या हसल्या नाहीत. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि थांबल्या. परक्या माणसासमोर मी तेव्हा पहिल्यांदा रडले. मग सांगितलं, "दुखंल तं दुखंल. मन नाही फिरणार." त्यांनी घाई केली नाही याबद्दल त्यांचे आभार.

सगळं जमलं आणि मग डॉक्टरीणबाईंच्या ऑफिसातल्या मुलीने माझा शाळेचा दाखला पाहिला. पस्तीस पूर्ण झाली की गर्भ ठेवता येत नाही, ती म्हणाली, आणि तुमची येत्या पहिल्या जुलैला होतात. मी म्हटलं, बाई, माझी अजून तेहतीसही पूर्ण नाहीत. ती म्हणाली, कागद दाखवा. हातात सात महिने होते.

मी तडक गावी गेले. गुरुजी आता रिटायर आहेत, ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. माझं ऐकून म्हणाले, "रजिस्टरले आता हात लावता येत नाही, पोरी. जन्माची नोंद आन, मंग पाहू." नोंद कुठून आणणार? मी घरात जन्मले, ग्रामपंचायतीत कोणी कळवलंच नव्हतं. मी आवाज चढवला. शेजारचे बाहेर आले. गुरुजी शांतपणे म्हणाले, "माह्यावर कायले तापते? तुह्या मायले इचार."

माय तुरीच्या शेंगा सोलत होती. मी विचारलं तशी मान वर न करता म्हणाली, "तांदूळ भेटत होते व."

तेव्हा शाळेत नाव असलेल्या पोराला दर महिन्याला तांदूळ मिळायचे. नाव घालायला सहा वर्षं लागायची. मी चारचीही नव्हते. धाकटी नुकतीच झाली होती आणि मायला दूध येत नव्हतं. मायने गुरुजींना हात जोडले, त्यांनी दोन वर्षं वाढवून लिहिली. "तुह्या तांदळाच्या पेजेवर जगली ते," माय म्हणाली. मग मलाही आठवलं. मी मागच्या ओळीत पाटीवर डोकं ठेवून झोपायची. तांदळाची पिशवी मला उचलायची नाही, म्हणून गुरुजी स्वतः सायकलला अडकवून घरी आणून द्यायचे.

माझा अर्धा राग त्या दिवशी गेला. त्या दोन वर्षांवर जगलेल्या पोरीसाठीच मी आता तीच दोन वर्षं परत मागत होते.

मिळणार नव्हती हे कळल्यावर मी धावायला लागले. बहिणीला पिशवी नाही याचा यवतमाळच्या डॉक्टरांच्या समितीचा दाखला, मूल तिचंच राहील असा कोर्टाचा आदेश, तीन वर्षांचा विमा, प्रतिज्ञापत्रं. प्रत्येक टेबलावर मी भांडले. एका ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी मात्र मला भांडूच दिलं नाही. फाईल चाळली, काय कमी आहे ते कागदावर ओळीने लिहून दिलं, म्हणजे माझ्या चकरा वाचतील. दुसऱ्या वेळी मी त्यांच्यासाठी दुकानातली चांगली साडी नेली. त्यांनी पिशवी उघडलीही नाही. म्हणाल्या, "ताई, हे घेतलं तर उद्या तुमच्याच फाईलवर कोणी बोट ठेवेल." साडी परत आणली. ती मी अजून विकलेली नाही.

मे महिन्यात पहिल्यांदा गर्भ ठेवला. राहिला नाही. बहीण दोन दिवस माझ्यासमोर यायचं टाळत होती, माझ्याकडे अजून काही मागायची तिला लाज वाटत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक पाळी जाऊ द्यावी लागेल. मी बोटांवर दिवस मोजत बसले. दुसऱ्यांदा ठेवला तेव्हा कागदावरचे माझे सहा दिवस उरले होते.

पहिल्या जुलैला मी लोहाऱ्याला बहिणीकडे पडून होते. राहिलं की नाही ते कळायला अजून आठवडा होता. ती शिऱ्याची वाटी घेऊन आली आणि मला कुंकू लावलं. "कागदावरच्या वाढदिवसाचा हाय," म्हणाली. मी हसायला लागले तर मला दटावलं, "हळू हास ना व, हलन ते."

ते हललं नाही. मार्चात मुलगी झाली. नर्सने बाळ आधी बहिणीच्या हातात दिलं, मीच तसं सांगून ठेवलं होतं. ती बाळाला घेऊन माझ्या उशाशी आली, आपला ओला गाल माझ्या कपाळाला टेकवला. पुढे मला दूध आलं. थांबायच्या गोळ्या दिल्या तरी तीन दिवस छाती दगडासारखी झाली होती. दुखेल असं मी सांगितलंच होतं. मन फिरलं नाही.

बाळाच्या जन्माचा दाखला आला तेव्हा तारीख मी बहिणीच्या नवऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतली, मग स्वतः वाचली. दिवस, महिना, वर्ष, तिन्ही खरे.

बारशाला मी गुरुजींना मुद्दाम बोलावलं. पाया पडले, बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. म्हटलं, तुमच्या तांदळामुळे हिची आई जगली, हे उपकार फिटायचे नाहीत. ते खरंच आहे. म्हातारे डोळे पुसायला लागले. तेव्हा मी उरलेलं बोलले.

"पन गुरुजी, तोच दाखला दाखवून बापानं माह्यं सोळाव्या वर्षी लग्न लावलं. कागदावर अठरा होते. खरं वय तुमाले ठाऊक होतं, तुमीच वाढवलं होतं. तुमी पंगतीले बसले होते. काहून नाही बोलले?"

नवरा चांगला निघाला हे माझं नशीब, त्यात त्यांचं पुण्य नाही. तांदळासाठी लिहिलेली दोन वर्षं मी माफ केली. लग्नासाठी वापरलेली केली नाहीत. माझा बाप आता नाही, तेव्हा विचारायला गुरुजीच उरले आहेत. त्या दिवशी ते बाळाची कुंची सारखी करत राहिले, मग ऊन वाढतंय म्हणून उठले.

माझी मुलगी दहावीत आहे. पुढच्या वर्षी ती सोळाची होईल, कागदावरही आणि खरीही. गुरुजी बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानावरूनच जातात. मी खुर्ची बाहेर काढून ठेवते. गुरुजी, बसा, पाणी घ्या, आणि सांगा. त्या पंगतीत तुम्ही गप्प का बसलात?