कोशाचं उपरणं

आईचं माहेर गोव्यात. धाकट्या मामाचं लग्न ठरल्याचं पत्र आलं, तेव्हा वडील जंगलखात्यात मोहर्लीला होते आणि मी नागपूरची इंग्रजी शाळा संपवून घरी बसले होते. आईने विणकराकडून कोशाच्या रेशमाचं उपरणं करून घेतलं. ते आपल्या हाताने भावाच्या खांद्यावर घालायचं, एवढीच तिची इच्छा होती.

पण गोव्याची हद्द बंद होती. जायला सरकारी परवाना लागे. तिचा अर्ज इंग्रजीत भरायचा, म्हणून माझ्याकडे आला. ‘जन्मदेश’ या रकान्यात मी भारत लिहिलं. दुसरं काही मनात आलंच नाही.

लाकडाच्या ट्रकमध्ये पुढे बसून आम्ही दोघी चांद्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने अर्ज परत सरकवला.

“गोव्यात अजून पोर्तुगालचं राज्य आहे ना, पोरी? मंग भारत काऊन लिहलं?”

“गोवा आपलाच आहे,” आई म्हणाली.

“मले सांगून काय उपयोग, बाई? मी त घ्याले तयार आहो, तो पोर्तुगालवाला सोडून नाई राह्यला!”

बाकीचे कारकून हसले. चारचौघांत बोलायचं मला जमत नसे. मी मुकाट्याने भारत खोडून पोर्तुगाल लिहिलं. आई त्या रकान्याकडे बघत राहिली.

दीड महिन्याने उत्तर आलं: अर्जदार परदेशी दिसते, परदेशी म्हणून झालेल्या नोंदणीचा कागद जोडावा. पुन्हा ट्रक, पुन्हा तोच कारकून.

“परदेशी? बाई त आपल्याच आहेत. असा कागद इथी भेटत नाई.”

तिकडे मामानेही पणजीत खटपट केली. त्याला सांगितलं गेलं, गोवा ही वसाहत नाही, समुद्रापलीकडचा पोर्तुगालचाच प्रांत आहे. बहीण इथे जन्मली म्हणजे आमचीच, तिने आमचा पासपोर्ट घेऊन यावं. तो कुठून आणायचा, हे कोणी सांगितलं नाही.

मुहूर्ताच्या दुपारी आईने ट्रंकेतून उपरणं काढलं, मांडीवर ठेवलं. घडी मोडली नाही.

“तू ते खोडायला नको होतंस,” ती म्हणाली.

“न खोडता त्यांनी अर्ज घेतलाच नसता.”

“आता तरी कुठे घेतला?”

मला तिचा राग आला, कारकुनाचा आला, स्वतःचा सगळ्यांत जास्त. तिने उपरणं परत ट्रंकेत ठेवलं आणि कोरा अर्ज माझ्यापुढे टाकला.

“लग्न झालं, भाऊ आहेच. भर.”

मी पुन्हा त्याच रकान्यापाशी येऊन थांबले.