पर्समधलं लिंबू

आमच्या ह्यांच्या मावशींइतकी देवाची लाडकी आणि देवाच्या माणसांना नकोशी बाई अख्ख्या बंगळुरात दुसरी झाली नसेल. मूळच्या बेळगावकडच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर जे. पी. नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत एक ट्रंक आणि एक स्टूल घेऊन राहायला आल्या. स्टूल देवासाठी होतं. त्यावर कुणी बसलेलं त्यांना चालत नसे. देवाला त्या अप्पा म्हणत आणि गवारी मोडता मोडता स्टुलाकडे बघून बोलत. "अप्पा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या खोकल्याकडे स्वल्प लक्ष दे. औषध मी दिलंय, पुढचं तू बघ." आमेनसुद्धा म्हणत नसत. बोलणं अजून संपलेलं नाही, मग आमेन कशाला, असं त्यांचं म्हणणं.

राहुकाळावर त्यांचं फार प्रेम. कॅलेंडरात तो रोज बघून ठेवत आणि बँक, डॉक्टर, रेशन सगळं नेमकं त्याच दीड तासात उरकून येत. अशुभ वेळ म्हणून लोक घरात बसतात, रांग नसते, रिक्षा लगेच मिळते. अप्पानं हा वेळ खास आपल्यासाठी राखून ठेवलाय, अशी त्यांची खात्री. मोतीबिंदूचं ऑपरेशनही त्यांनी हट्टानं राहुकाळातच करून घेतलं. डॉक्टर बिचारा घाबरत होता. मावशींनी टेबलावर पडल्या पडल्या त्याला धीर दिला.

आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी तर त्यांचा सणच. दृष्ट काढून रस्त्यात आपटलेले कुंकवानं माखलेले कोहळे गल्लीभर पडलेले असत. माणसं त्यांना वळसा घालत आणि स्कूटरवाले त्यांच्यावरून घसरत. मावशी पहाटे झाडू आणि बादली घेऊन निघत आणि हातानं सगळं गोळा करत. शेजारणी दारात उभ्या राहून कळवळायच्या, "अक्का, मुट्टबेडी, हात लावू नका." मी त्यांना ऐटीत सांगायची, आम्ही ख्रिस्ती, आम्ही दृष्टबिष्ट मानत नाही. आणि मावशी परत आल्या की त्यांना मागच्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायला लावल्याशिवाय घरात घ्यायची नाही.

तेव्हाची मी म्हणजे काय सांगू. चाळिशी, इस्त्रीची कॉटनची साडी, चर्चच्या महिला मंडळाची चिटणीस, अक्षर मोत्यासारखं. कोण प्रभुभोजनाला आलं नाही, कुणाच्या मुलानं कपाळाला काय लावलं, सगळं माझ्या वहीत. स्वर्गाच्या फाटकावर पहारेकरी नेमायचा झाला असता तर मी अर्ज टाकला असता.

आमच्या चर्चच्या मंडळीत रूथ नावाची एक तरुण बाई होती. यशवंतपूरला कारखान्यात शिवणकाम करायची. नवरा ख्रिस्ती नव्हता. ती आजारी पडली आणि महिनाभर मावशींच्या दवाखान्यात राहिली. मावशी तेव्हा नोकरीच्या शेवटच्या वर्षात होत्या. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सासूनं मारम्माच्या देवळातून हळकुंड बांधलेला पिवळा दोरा आणून तिच्या मनगटावर बांधला. चार दिवसांनी रूथ गेली. तिच्या घरी तिला साडी नेसवायला मंडळातर्फे मी गेले, मावशीही आल्या होत्या. मयताच्या घरी जायची मला पहिल्यापासून भीती, म्हणून पर्समध्ये एक लिंबू टाकून गेले होते. ती पर्स तशीच काखेत दाबून मी तिच्या मनगटावरचा दोरा पाहिला आणि संध्याकाळी कमिटीला सांगितला.

कमिटीनं सभासदांच्या यादीतून तिचं नाव काढलं आणि चर्चच्या दफनभूमीत तिला जागा नाकारली. तसं पत्र मी लिहिलं, माझ्या सुरेख अक्षरात. दोरे-ताईत बघितले की दात-ओठ खाणाऱ्या मावशींनी हा दोरा कापला कसा नाही, म्हणून त्यांना कमिटीपुढे बोलावलं. त्या म्हणाल्या, "सासूनं रडत बांधला होता. तिच्याकडं तेवढंच होतं. मी कात्री घेऊन गेले होते, पण ती म्हातारी तिथंच उशाशी बसलेली. कापवलं नाही." आणि लगेच, "मग माझंही नाव काढा यादीतून." ते पत्रही मीच लिहिलं.

रूथला सरकारी स्मशानातल्या कुंपणालगतच्या कोपऱ्यात पुरलं. मावशी पुन्हा चर्चमध्ये गेल्या नाहीत. दर रविवारी त्या कोपऱ्यातलं गवत काढून येत.

गेल्या वर्षी मावशींनी अंथरूण धरलं, तेव्हा मी नव्या पाळकांकडे गेले. तरुण, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, आजींनी पश्चात्तापाची एक ओळ लिहून द्यावी, नाव पुन्हा घालू, दफनभूमीत जागाही देऊ. मी घरी येऊन ती ओळ तयार केली आणि पेन मावशींच्या हातात दिलं.

"रूथचं नावही घालणार का?"

मी म्हटलं, मावशी, ती आता कुठं आहे.

"मग मी तिला तिथं टाकून इकडं येऊ होय?" पेन त्यांनी माझ्या हातात परत दिलं. "पश्चात्तापाचं पत्र तूच लिही, सूनबाई. अक्षर तुझं चांगलंय. पण खाली नाव तुझं घाल." मग डोळे मिटून हळूच म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या पर्समधून लिंबाचा वास येत होता."

एवढी वर्षं त्यांना माहीत होतं. कमिटीपुढे एक शब्द बोलल्या असत्या तर माझी वही, चिटणीसपद आणि ती कडक साडी, सगळं गेलं असतं. बोलल्या नाहीत.

मावशी मंगळवारी पहाटे गेल्या. दुपारी तीनला, ऐन राहुकाळात, आम्ही त्यांना रूथच्या शेजारी ठेवलं. स्मशानात कुणी नव्हतं, वाट बघावी लागली नाही. पाळकही नव्हते, म्हणून प्रार्थना माझ्यावर आली. पाठ असलेली एकही आठवेना. शेवटी म्हणाले, "अप्पा, आमच्या मावशी आल्यात. त्यांना बसायला स्टूल दे."

घरी येऊन मी ते पत्र लिहिलं. दोरा, लिंबू, सगळं लिहिलं. रूथचं नाव यादीत परत घाला म्हणून विनंती केली आणि खाली सही केली. अक्षर या खेपेला मोत्यासारखं आलं नाही. कमिटीचं उत्तर अजून नाही. रविवारी मी गवत काढायला जाते. गुडघे दुखतात, म्हणून तिथं बसून, त्या दोघींकडे बघतच, अप्पाशी बोलते. आमेन म्हणत नाही.