सासऱ्यांचं पार्सल

शहाद्यातल्या आमच्या साडीच्या दुकानात बायका यायच्या, साड्या उलगडायला लावायच्या, फोटो काढायच्या आणि घरी जाऊन तशीच साडी मोबाइलवर मागवायच्या. शेवटी मी नवऱ्याला म्हटलं, "या बायकांची पार्सलंही कुरिअरवाल्याकडून आपणच दुकानात ठेवून घेऊ. घ्यायला तरी येतील."

सासऱ्यांना हे पटलं नाही. "दुसरास्ना माल आपला दुकानमा? हाई दुकान शे का पोस्ट हाफीस?" असं विचारून ते रुसून गादीवर बसले.

तरी आम्ही काम काढलं. अर्धी कपाटं रिकामीच पडली होती. त्यांच्या सागवानी फळ्यांतून पार्सलांसाठी मांडणी झाली आणि कपडे घालून बघायला एक खोली. दिवसा दिवे लावायला नकोत म्हणून छताचे दोन पत्रे काढून पारदर्शक बसवले.

त्या उजेडाने गंमत केली. धडगावहून जीपने आलेल्या एका बाईंनी पार्सल तिथेच फोडलं. मोबाइलवर मरून दिसलेली साडी त्यांनी उजेडात धरली. सासरे गादीवरूनच म्हणाले, "हाई मरून नई. हाई वांगं शे!"

बाई आधी चिडल्या, मग हसत सुटल्या. साडी परत पाठवून त्यांनी आमच्याकडची खरी मरून नेली.

तेव्हापासून पार्सल फोडणं हा गावाचा करमणुकीचा कार्यक्रम झाला. स्वतःचं पार्सल घेतलं तरी बायका हलत नसत. दुसरीचं काय निघतं ते बघायला थांबत. सासऱ्यांचा निकाल शेवटचा.

मग एके दिवशी सासऱ्यांच्याच नावाचं पार्सल आलं. कुणाशी काही न बोलता ते काखेत मारून खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. बराच वेळ झाला. बाहेर बायका जमल्या.

"भाईर या ना बाबा, देखू द्या!"

कडी निघाली. पुतण्याच्या लग्नासाठी मागवलेलं जाकीट घालून सासरे उभे होते. बटणं काजांपासून वीतभर लांब.  सगळ्या एकदम म्हणाल्या, "परत करा!"

ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "हाई परत कसं करतस व, पोरी?"

मी परत केलं नाही. शेजारच्या शिंप्याकडून दोन्ही बाजूंना पट्ट्या घालून आणलं. लग्नात जाकिटाचं फार कौतुक झालं. कुठून घेतलं असं कुणी विचारलं, की सासरे छाती काढून सांगायचे, "आपलाच दुकानना माल शे!"