जावयाची सरकती खोली

नव्वदच्या दशकात चँडलरमध्ये आमच्या ओळखीत कोणाकडेच मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, नव्हतं. माझ्या नवऱ्याने सेकंडहँड घेतलं आणि त्याचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले. बटण दाबलं की जेवणाचं टेबल दोन्ही बाकांसकट भिंतीबाहेर सरकायचं. खोलीत खोली! निघताना ती आत ओढून घ्यायची. नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईला ग्रँड कॅनियन दाखवायला आम्ही त्याच गाडीने निघालो. आई त्या बाकावर बसली होती, मी पुढे नवऱ्याशेजारी.

पेट्रोल भरायला पहिल्या गॅस स्टेशनवर उतरून पाहते तर खोली वीतभर बाहेर आलेली, तीही शेजारून ट्रक सुसाट जातात त्या बाजूला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नवऱ्याने बूथवरून दोस्तांना फोन लावले. रविवारच्या बुद्धवंदनेला जमणारे हे सगळे चिप बनवणारे इंजिनिअर. गाडी न बघताच त्यांचं एकमत झालं.

"लोड इश्यू आहे म्हणतात," नवरा म्हणाला. "तू बाकाखाली तांदूळ नि कुकर कोंबलायस ना, त्याने."

म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर! मी तांदळाची पिशवी उचलून मागच्या पलंगावर आपटली. आईला म्हटलं, तू पुढे बस. ती जागची हलली नाही. "मी इथंच बरी आहे," म्हणाली.

तोवर नवऱ्याने खोली आत घेतली होती. पुढच्या थांब्यावर ती पुन्हा बाहेर, पण चारच बोटं.

"बघ, लोडच होता," नवरा खुशीत म्हणाला. मला तो हसरा चेहरा बघवेना. चार बोटं तरी का यावी? मी मॅन्युअल काढलं. त्यात ठळक अक्षरांत छापलं होतं: हाताने हँडल फिरवून खोली सरकवायची तर मोटरचा ब्रेक सैल करा, आणि नंतर न विसरता परत लावा. झाकण उघडून पाहिलं तर ब्रेकचा खटका सैलच.

"तू हाताने फिरवतोस?"

"मग? सारखं बटण दाबून मोटर बर्न करायची? आणि परत हातानेच फिरवायचंय, तर ब्रेक कशाला लावायचा दरवेळी?"

या माणसाने टीव्हीच्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. मोटर जपत होता म्हणे! भर पार्किंगमध्ये मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून खोली आत घेत राहिला. खटका मी स्वतः लावला.

"आता निवांत बस," मी आईला म्हटलं. तेव्हा कुठे तिने शेजारच्या, न सरकणाऱ्या कपाटाची कडी सोडली. तळहातावर लाल वळ उठले होते. खोली बाहेर जाऊ नये म्हणून ती वाटभर कडी धरून स्वतःला आत ओढत बसली होती.

"फटीतून खालचा रस्ता दिसत होता गं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?" मी ओरडलेच.

"जावयानं एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी, नावं कशी ठेवू?" आई हात चोळत म्हणाली. "आणि तुला सांगायचं, तर तुझी भीती वाटते."