तिला मागावंसं वाटेल असं काही

माझी मुलगी साडेचार वर्षांची झाली तरी काही मागत नसे. ऑटिझम आहे हे तोवर आम्हाला कळलं होतं. जे. पी. नगरमधल्या एका केंद्रात मी तिला न्यायची. तिथल्या बाई तिच्यासमोर बिस्किट धरून "बिस्किट म्हण" म्हणायच्या. ती खिडकीबाहेर बघत बसायची. तीन महिने असेच गेले.

शेवटी मी म्हटलं, "तिला बिस्किट आवडतच नाही. मग ती कशाला मागेल?"

बाईंनी बिस्किट खाली ठेवलं. "बरोबर आहे. तिला खरंच काय हवं असतं, ते आठवडाभर घरी नुसतं बघा."

मी बघत राहिले. नवरा बोम्मसंद्राच्या कारखान्यातून आला की ती त्याच्या बॅगेतली पोलादी मोजपट्टी काढायची. ओढलेली पट्टी सोडली की सर्रकन आत जायची आणि ती खळखळून हसायची. असं हसणं दुसऱ्या कशालाच नव्हतं.

मोजपट्टी मी कपाटात ठेवली. आता ती फक्त संध्याकाळी निघे. मी पट्टी हातभर ओढून अंगठ्याने दाबायची, "सोड" म्हणायची आणि सोडायची. आठवड्याने मी "सोड" म्हणणं बंद केलं आणि नुसती थांबू लागले. ती माझा अंगठा उचकटायची, रडायची.

"अगं, दे ना तिला," नवरा म्हणाला.

"दहा मोजेपर्यंत थांबणार. मग सोडणारच आहे."

मलाही ते सोपं जात नव्हतं, पण एकही संध्याकाळ चुकवली नाही. पाचव्या दिवशी मी सातपर्यंत मोजलं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "सो."

मी लगेच पट्टी सोडली. पुन्हा ओढली. "सो."

महिन्याभरात तिला मोजपट्टीचा कंटाळा आला आणि तो शब्दही गेला. दोन दिवस मी खचून गेले होते. मग परत बघायला बसले. शेजारच्या कानडी अक्कांकडचा कुरकुरीत डोसा तिला फार आवडतो, हे तेव्हाच लक्षात आलं. अक्कांना सगळं समजावलं. "सरी, मी स्वल्प थांबते," बरं, थोडं थांबते, असं त्या आपल्या कानडी-मराठीत म्हणाल्या, आणि रोज सकाळी ताटली हातात धरून थांबत राहिल्या.

गेल्या रविवारी ती एकटीच त्यांच्या दारात गेली. डोसा अजून तव्यावरच होता. मला आमच्या घरात तिचा आवाज ऐकू आला, "डोसा."